परदेशी पाहुण्यांना खानदेशातले पक्षी दाखवायचे असतील तर

पाहुण्याचं पहिलं ईमेल येतं तेव्हा त्यात बहुतेक वेळा एकाच पक्ष्याचं नाव असतं. ताजमहाल, केरळ, रणथंबोर सोडून कोणी परदेशी माणूस जळगाव किंवा नंदुरबारची वाट धरतो, ती जेमतेम २३ सेंटिमीटरच्या एका घुबडासाठी. रानपिंगळ्यासाठी. आपल्या सातपुड्याला जगाच्या पक्षीनकाशावर या पक्ष्याने नेऊन ठेवलं आहे. म्हणून पाहुण्यांची सोय आणि पक्ष्याची सोय यांत निवड करायची वेळ आली, तर मी पक्ष्याची बाजू घेतो. पुढचं सगळं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

खानदेशात आता बरेच तरुण पक्षीनिरीक्षण करतात. ओळखीतून, विद्यापीठातून, नातेवाइकांच्या मित्रांतून परदेशी पाहुणे येतात आणि आपली धांदल उडते. ती उडू नये म्हणून पहिल्या पत्रापासून निरोपापर्यंत काय काय करायचं ते सांगतो.

आधी नावाचा घोळ मिटवा

रानपिंगळा, वनपिंगळा, जंगली पिंगळा, रातपिंगळा ही नावं वेगवेगळ्या मराठी यादीत वेगवेगळ्या घुबडांना लावलेली दिसतात. वनमजुराला तुम्ही "रानपिंगळा कुठे दिसतो?" असं विचाराल आणि तो प्रामाणिकपणे तुम्हाला भलत्याच घुबडाकडे नेईल. पाहुण्यांशी बोलताना शास्त्रीय नाव वापरा: अथेने ब्लेविटी. ब्रिटिश आणि अमेरिकन माणसं एकाच पक्ष्याला कधीकधी निराळी नावं देतात, तिथेही हाच उपाय. गावकऱ्यांना मात्र नाव विचारू नका, छापलेली तीन चित्रं दाखवा. साधा पिंगळा, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके. जंगली पिंगळा, अंगभर बारीक आडव्या रेघा. आणि रानपिंगळा: डोकं आणि पाठ जवळजवळ कोरी, छातीवर गडद तपकिरी पट्टा, पोट पांढरं, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले, चोच आणि डोकं अंगाच्या मानाने दांडगं.

पहिल्या पत्राला उत्तर देताना

किमान तीन महिने आधी हा पत्रव्यवहार झालेला बरा. पहिला प्रश्न असा विचारा: तुम्हाला कोणते पक्षी पाहायचे आहेत आणि कोणते तुमच्या घरी रोज दिसतात? हा प्रश्न न विचारल्यामुळे मी एकदा नेदरलँड्सहून आलेल्या जोडप्याची अख्खी सकाळ वाया घालवली. हतनूर धरणाच्या पाण्यावर तलवार बदकं, थापट्या, चक्रांग यांचे थवे मी उत्साहाने दाखवत होतो, ते नम्रपणे माना डोलवत होते. ही बदकं त्यांच्या गावच्या कालव्यात पोहतात. त्यांचा जीव अडकला होता तो मागच्या बांधावरच्या माळटिटवीत. पिवळ्या गाठीची ही टिटवी फक्त आपल्या उपखंडात सापडते, आणि आपण तिच्याकडे ढुंकून पाहत नाही.

म्हणून यादी आपल्या बाजूनेही करा. आपल्याकडच्या नेहमीच्या पक्ष्यांत पाहुण्यांना मोलाचे वाटणारे कितीतरी आहेत: नीलकंठ, हळदी-कुंकू बदक, नदी सुरय, चित्रबलाक, रंगीत चकोत्री, सिरकीर कोकीळ, माळरानावरचा धाविक, पखुर्डी. पट्टकादंब हा हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो, त्याच्यासाठी युरोपातली माणसं तासभर थंडीत उभी राहतात. भोरड्यांचंही तसंच. ज्वारीवर पडणारा भोरड्यांचा थवा आपल्या शेतकऱ्याला नकोसा. पश्चिम युरोपातल्या माणसाने मात्र हा पक्षी आयुष्यात एखादाच, वाट चुकून आलेला पाहिलेला असतो. संध्याकाळी बाभळीवर उतरणारे हजारो पक्षी पाहून एका आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं आहे.

त्याच पत्रात आणखी तीन गोष्टी विचारा: किती चालता येतं, फोटो काढायचे आहेत की नुसतं पाहायचं आहे, आणि रोजची औषधं कोणती. पाहणारे आणि फोटो काढणारे एकाच गाडीत घालू नका. पाहणाऱ्याला दहा मिनिटांत पुढे जायचं असतं, फोटोवाल्याला दोन तास हलायचं नसतं, आणि मधल्या मध्ये भांडणं आपण सोडवत बसतो.

कधी बोलवायचं, किती दिवस

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा शेवट. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा कुणी कितीही आग्रह केला तरी नाही म्हणा. जानेवारीनंतर सागाची पानं गळतात आणि जंगल उघडं होतं, त्यामुळे घुबड शोधायला सोपं जातं. पण नेमकी तीच त्याची जोडी जमण्याची आणि घरट्याची वेळ असते, म्हणून मी डिसेंबरचा पहिला पंधरवडा पसंत करतो. पहाटे हातमोजे लागतील इतकी थंडी पडते हे पाहुण्यांना आधी कळवा. 'भारत म्हणजे उकाडा' असं समजून ते नुसते सदरे घेऊन येतात.

चार मुक्काम तरी हवेत. जंगलाच्या दोन सकाळी, हतनूरची एक, माळरानाची एक. एका सकाळीत रानपिंगळा दाखवण्याचं वचन कुणालाही देऊ नका, कारण दुसऱ्या सकाळची सोय नसली की माणसं घायकुतीला येतात आणि नको ते करायला लागतात. त्याबद्दल पुढे.

होळीच्या आधीचा आठवडा टाळा. सातपुड्यात तेव्हा भोंगऱ्या बाजार भरतात, काठी गावच्या होळीची तयारी चालते, आणि तुमचा वाटाड्या, गाडीवाला, स्वयंपाकवाला सगळेच आपापल्या गावी असतात. तसंच महाशिवरात्रीला तोरणमाळला मोठी यात्रा असते, तेव्हा घाटात पक्षी कमी आणि गाड्या जास्त.

कागदपत्रं आणि सामान

हा भाग कंटाळवाणा आहे, पण सहली मोडतात त्या इथेच. परदेशी नागरिक मुक्कामाला आला की यजमानाने २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन भरायची असते. लोक याला सी-फॉर्म म्हणतात. लॉजला तर ते बंधनकारक आहेच, घरी उतरवलं तरी सुटका नाही. तालुक्याच्या गावातले बरेच लॉजवाले या झंझटीमुळे परदेशी पाहुणा घेतच नाहीत. रात्री दहाला दारात उभं राहून हे कळण्यापेक्षा महिनाभर आधी फोन करा आणि सरळ विचारा, "परदेशी पाहुणे घेता का? फॉर्म भरता का?" हो म्हणाले तरी आदल्या दिवशी पुन्हा विचारा. पासपोर्ट आणि व्हिसाच्या चार-चार झेरॉक्स प्रती काढून ठेवा.

पाहुण्यांना दोन वस्तू घरीच ठेवायला सांगा. एक, सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून निरोप पाठवणारी छोटी उपकरणं. डोंगर भटकणाऱ्या पाश्चात्त्यांच्या पाठपिशवीत ती हमखास असतात, त्यांच्या देशात ती साधी सुरक्षेची वस्तू आहे, पण भारतात परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा ठरतो आणि विमानतळावर परदेशी प्रवासी यापायी अडकलेले आहेत. दुसरी वस्तू ड्रोन. परदेशी पाहुण्याने आपल्याकडे ड्रोन आणण्या-उडवण्याचा विचारच करू नये, आणि पक्ष्यांच्या जागी तर तो कुणीच उडवू नये.

येणं-जाणं सोपं आहे. मुंबईहून भुसावळ किंवा जळगावपर्यंत रेल्वे, आणि नंदुरबारला जायचं तर जळगाव-अमळनेर-दोंडाईचा मार्गे सुरतकडे जाणारी ताप्ती लाइन. जळगावला विमानतळ आहे, पण सहल त्या वेळापत्रकावर बांधू नका. रोख पैसे आधीच काढून ठेवा, कारण पाहुण्याचं कार्ड यावल अभयारण्यातल्या पालला किंवा तोरणमाळला चालणार नाही.

रेकी

पाहुणे यायच्या दोन दिवस आधी स्वतः जाऊन या. मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका. मागच्या वर्षीचं वाळलेलं झाड कुणीतरी तोडलेलं असतं, पाणवठा आटलेला असतो.

यावल अभयारण्यात जायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. साधारण १७८ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य १९६९ साली जाहीर झालं. पाल हे त्याचं मुख्य ठाणं, सुकी, मंजाळ आणि अनेर या नद्यांच्या आधाराने इथलं जंगल टिकून आहे. पालला मुक्काम करणं उत्तम, म्हणजे पहाटेचा प्रवास वाचतो. वनरक्षकाला भेटा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वनमजुराला भेटा. सागाच्या कोणत्या ओळीत सकाळी घुबड ऊन खात बसतं हे त्याला ठाऊक असतं. त्याची दिवसाची मजुरी आधी ठरवा आणि ती पाहुण्यांच्या गाडीभाड्याइतक्याच गंभीरपणे हिशेबात धरा. शेवटी हातावर टेकवलेली शंभराची नोट ही मजुरी नव्हे. पावरा, भिल्ल, तडवी वस्त्यांतून जाणार असाल तर पोलीस पाटलांच्या कानावर घाला. गोऱ्या माणसांची गाडी तीनदा दिसली की गावात चर्चा होते, ती आधीच बरोबर वळणावर लागलेली चांगली.

गाडीवाल्याशी स्वतंत्र बोला. हॉर्न नाही, गाणी नाहीत, दार आपटायचं नाही, थांबलं की इंजिन बंद. नाराज न करता सांगायचं असेल तर त्याच्याही हातात एक दुर्बीण द्या. माझे दोन गाडीवाले आता माझ्याआधी पक्षी ओळखतात.

जंगलाची सकाळ

आदल्या संध्याकाळी गावातच साधा पिंगळा दाखवा. जुनी विहीर, चिंच, आंब्याची ढोली, कुठेही सापडतो. याने पाहुण्याची नजर बसते: आकार कळतो, डोक्यावरचे ठिपके मनात राहतात आणि दुसऱ्या दिवशी कोरं डोकं दिसलं की शंका उरत नाही. त्याच वेळी त्यांना पिंगळा जोशांबद्दलही सांगा. पहाटेच्या अंधारात कुडमुडं वाजवत दारी येणारा, पिंगळ्याची भाषा कळते असं मानला जाणारा माणूस. पक्ष्याच्या नावाने ओळखली जाणारी भिक्षुकी हे ऐकून पाहुणे वह्या काढतात.

रानपिंगळ्याचा इतिहास त्यांना बहुधा पाठ असतो, तरी खानदेशाची बाजू आपण सांगायची. १८७२ मध्ये ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडात पहिला नमुना मिळाला आणि १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचं वर्णन केलं. हेच ह्यूम पुढे काँग्रेसच्या स्थापनेत होते. त्यानंतर आपल्या शहादा-तळोदा भागातून जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने नमुने गोळा केले. १८८४ नंतर पक्षी गायब. जगभरच्या संग्रहालयांत मिळून अवघे सात नमुने. मधल्या काळात रिचर्ड मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश कर्नलने १९१४ साली गुजरातेतल्या मांडवीला पक्षी मिळाल्याचं सांगितलं, आणि ती चक्क लबाडी निघाली. त्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरून नवं लेबल लावलं होतं. त्या खोट्या नोंदीवर भरवसा ठेवून शोधणारे चुकीच्या जागी शोधत राहिले. लबाडी उघडी पाडणाऱ्या पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन, त्यांच्यासोबत बेन किंग आणि डेव्हिड ॲबट, यांनी मग जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धरल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला पक्षी पुन्हा दिसला. ११३ वर्षांनी. माझं म्हणणं एवढंच की नोंद खरी लिहिण्याचं महत्त्व याहून चांगलं समजावता येत नाही. पाहुण्यांच्या वहीत 'बहुधा' असेल तर 'बहुधा'च लिहू द्या.

आता प्रत्यक्ष सकाळ. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तुम्ही साडेसहाला जागेवर हवे. हे घुबड दिवसा वावरतं, हे आपल्या फायद्याचं. उन्हाचा पहिला पट्टा पडतो त्या उघड्या फांद्या, वाळके शेंडे नीट बघा. साग, सालई, धावडा यांचं विरळ जंगल, खाली मोकळी जमीन, अशी जागा त्याला लागते, कारण तो वरून सरडे, सापसुरळ्या, उंदीर हेरतो. बसल्या बसल्या शेपटी डावी-उजवीकडे झटकतो, लांबून तीच हालचाल आधी नजरेत भरते. चार-पाच माणसांहून जास्त नेऊ नका. एका ओळीत, हळू, बोलायचं तर कुजबुजत. हाताने दाखवू नका, झाडाचं वर्णन करा: "तिसरा साग, खालून दुसरी फांदी, घड्याळात दहा वाजता." हे इंग्रजीत सांगायचा सराव घरी करून जा, ऐनवेळी शब्द सापडत नाहीत. पक्षी तुमच्याकडे टक लावून बघायला लागला, मान खालीवर करू लागला, की तो अस्वस्थ आहे. तिथेच थांबा, मग दोन पावलं मागे.

आणि आवाज लावायचा नाही. खिशातल्या छोट्या स्पीकरवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायची सवय परदेशी सहलींत फार आहे. पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो शिकार सोडून येतो, ओरडतो, भांडायला कुणी सापडत नाही तरी दमेपर्यंत शोधतो. घरट्याच्या दिवसांत मादी ढोलीबाहेर आली तर अंडी उघडी पडतात. मी स्वतः एकदा हे होऊ दिलं आहे. पाहुण्यांची शेवटची सकाळ होती, मन मोडवेना, दोन मिनिटं लावू दिलं. पक्षी आला, अगदी जवळ बसला, सुंदर फोटो मिळाले. आम्ही निघालो तरी तो ओरडतच होता, गाडीत बसेपर्यंत ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी आणि त्यानंतरचे आठ दिवस त्या झाडावर तो नव्हता. तेव्हापासून मी पहिल्या पत्रातच लिहितो: आवाज लावला जाणार नाही, मान्य असेल तरच या. आजवर एकानेही यावरून येणं रद्द केलेलं नाही.

२०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत या पक्ष्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त'वरून 'संकटग्रस्त' असा बदलला. नव्या ठिकाणी पक्षी सापडले म्हणून, सातपुड्यातलं जंगल वाढलं म्हणून नव्हे. जंगलतोड, अतिक्रमण आणि पोरांच्या गलोली हे धोके तिथेच आहेत.

हतनूर

तापी-पूर्णेच्या संगमामागे पसरलेलं हतनूर धरणाचं पाणी हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांनी भरतं. चांगदेवाचं जुनं देऊळ संगमावरच आहे, तिथे थांबा घेतला तर पक्षी आणि शिल्प दोन्ही होतात. जानेवारीत पहाटे नदीवर धुकं असतं, म्हणून इथे जंगलासारखी साडेसहाची घाई नको, आठला पोचलात तरी चालतं. सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडा, नाहीतर सगळी बदकं काळी दिसतात. दुर्बिणीबरोबर तिकाटण्यावरचा टेलिस्कोप इथे लागतोच.

एक काळजी घ्या. धरणाच्या भिंतीवर फोटो काढू नका. आणि याच परिसरात वरणगाव-भुसावळचे आयुध निर्माणी कारखाने आणि दीपनगरचं वीज केंद्र आहे. मोठी लेन्स घेतलेला परदेशी माणूस त्या दिशेला वळलेला दिसला तर विचारपूस होणार, आणि ती व्हायलाच हवी. गाडी कुठे उभी करायची ते रेकीतच ठरवा.

जेवणखाण

शेवभाजी पहिल्या दिवशी नको. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, डाळ-भात द्या, भरितात मिरची अर्धी. खापरावरचे मांडे करताना दाखवा, खाण्याइतकंच बघण्यात सुख आहे. रावेर-यावलची केळी दिवसभर गाडीत ठेवा. पाणी सीलबंद, आणि मीठ-साखरेची पाकिटं सोबत. बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे हे आधी बघून ठेवणं ही यजमानाची जबाबदारी आहे, ऐनवेळी झाडी दाखवू नका.

वस्तीत

"कथा जाई ऱ्हायनात भाऊ?" (कुठे चाललात भाऊ?) असं कुणी अहिराणीत विचारलं की थांबा, उत्तर द्या, पाहुण्यांना 'राम राम' म्हणायला शिकवा. चहा मिळाला तर प्या. माणसांचे, विशेषतः बायका-मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत हे पाहुण्यांना स्पष्ट सांगा. चॉकलेट, पेन वाटू देऊ नका. द्यायचंच असेल तर शाळेला पक्ष्यांचा तक्ता द्या, गुरुजींच्या हातात. मुलांना दुर्बिणीतून टिटवी दाखवायला पाहुणे आनंदाने तयार होतात, त्यासाठी अर्धा तास वेगळा ठेवा.

जमिनीवर पडलेलं मोराचं पीस पाहुण्याने उचललं तर प्रेमाने परत ठेवायला लावा. ते देशाबाहेर नेता येत नाही. घरटं, अंडं, पिसं, कशालाच हात नको.

रात्रीची यादी आणि नंतर

रोज रात्री जेवणानंतर सगळ्यांनी मिळून दिवसाची यादी वाचायची. आपण मराठी नाव सांगायचं, पाहुण्यांनी त्यांचं. शेकाट्या, चांदवा, भोवत्या, वारकरी, त्यांना ही नावं उच्चारायला फार आवडतात. नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्या तर उत्तम, पण रानपिंगळ्याच्या झाडाचा नेमका बिंदू कधीच नाही, ढोलीचा फोटो समाजमाध्यमांवर नाही. फोटोच्या फाइलमध्ये जागेचे आकडे आपोआप जातात, ते बंद करून घ्या. हे सहल सुरू होण्याआधी ठरलेलं असावं, निरोपाच्या वेळी सांगून उपयोग नाही.

पाहुणे परत गेले की महिन्याभरात त्यांच्याकडून दोन-तीन चांगले फोटो मागवा आणि भुसावळला मोठ्या आकारात छापून घ्या. एक वनखात्याच्या नाक्यावर, एक गावच्या शाळेत. तिसरा वनमजुराच्या घरी स्वतः नेऊन द्या. पालजवळच्या एका घरात माझ्या वनमजुराने तो देवाच्या फोटोशेजारी लावला आहे, आणि आता त्याची धाकटी मुलगी शाळेतून येताना कोणत्या झाडावर काय दिसलं ते मला फोन करून सांगते.